अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरील गुरांचा आणि वस्तीकरांचा इतिहास कसा अभ्यासावा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांची आणि तिथे पहिली घरे बांधणाऱ्या वस्तीकरांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना पडद्यावर होते. घोडा, पिस्तूल आणि धुळीने माखलेले गाव एवढेच मनात राहते. ज्याला हा इतिहास मुळातून समजून घ्यायचा आहे, त्याने पिस्तुलापासून सुरुवात केली तर तो लवकरच वाट चुकतो. सुरुवात पाण्यापासून करावी. कोणत्या ओढ्याला बारमाही पाणी होते, ते कोणाच्या ताब्यात होते आणि तिथवर गुरे नेण्याचा खर्च किती होता, एवढे प्रश्न प्रत्येक कागदाला विचारण्याची सवय लावून घेतली, तर या इतिहासातील कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर बसतात. गेली काही वर्षे मी हा विषय सवडीने वाचत आलो आहे. घरबसल्या, मराठी वाचकाला तो कोणत्या क्रमाने हाताळता येईल, हे येथे सांगतो.

आधी नकाशा, मग माणसे

अभ्यासाची पहिली संध्याकाळ नकाशासाठी राखून ठेवावी. उत्तर अमेरिकेचा प्राकृतिक नकाशा समोर घ्यावा आणि १०० अंश पश्चिम रेखांशावर पेन्सिलीने रेघ ओढावी. ही रेघ नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांतून जाते. ढोबळमानाने तिच्या पूर्वेला वर्षाला २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याकडे जावे तसा तो कमी होत जातो. एवढ्या पावसात गवत उत्तम येते, परंतु पाटपाण्याशिवाय पीक हमखास येईलच असे नाही; माणदेशातल्या किंवा आटपाडीकडच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या रेघेशेजारी दोन कायदेशीर आकडे लिहून ठेवावेत. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्यानुसार २१ वर्षांवरील व्यक्तीला किंवा कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. अट एवढीच होती की पाच वर्षे तिथे राहून जमीन कसून दाखवायची. पुढे १८७८ मध्ये पश्चिमेची पाहणी करणारे भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयी सरकारला अहवाल दिला. त्यांचे म्हणणे असे होते की, जिथे केवळ गवतावर जगायचे आहे तिथे एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील. कायदा देत होता त्याच्या सोळापट. अहवाल बाजूला पडला, माणसे मात्र १६० एकरांच्या कागदावर पश्चिमेकडे जात राहिली. पुढील पन्नास वर्षांतील कर्ज, दुष्काळ, कुंपणाची भांडणे आणि सोडून दिलेली घरे यांचे मूळ बऱ्याच अंशी या दोन आकड्यांतील अंतरात आहे. पॉवेल यांचे वेळीच ऐकले असते तर हजारो कुटुंबांची ओढाताण टळली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नकाशावर आणखी एक थर चढवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही मैदाने रिकामी नव्हती. कोमांची, कायोवा, शायेन, लाकोटा या लोकांचा तो मुलूख होता आणि त्यांचे जगणे गव्याच्या जातीच्या बायसन या प्राण्यावर अवलंबून होते. १८७० च्या दशकाच्या आरंभी कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी बायसनच्या कातड्याला मागणी आली, रेल्वे शिकाऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचली आणि पंधरा वर्षांच्या आत त्या प्रचंड कळपांचा फडशा पडला. तारखा शेजारी शेजारी मांडून वाचण्याची रीत येथे फार उपयोगी पडते. २८ सप्टेंबर १८७४ रोजी टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत कर्नल मॅकेन्झी यांच्या घोडदळाने कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांच्या छावण्यांवर हल्ला केला, हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न जाळले आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. १८७५ च्या जूनमध्ये आपले नेते क्वाना पार्कर यांच्यासह शेवटचे कोमांची फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण आले. १८७६ मध्ये त्याच दरीत टेक्सासचे गुरेमालक चार्ल्स गुडनाइट यांनी आपली गुरे उतरवली. दरीच्या कड्यांमुळे वारा अडत होता, तळाशी नदीचे पाणी होते आणि वर कुरण होते. ज्या कारणासाठी कोमांची तिथे हिवाळा काढत, त्याच कारणासाठी गुडनाइट तिथे आले. कोणत्याही मोठ्या गोठाणाचा, म्हणजे रँचचा, इतिहास वाचताना त्याच्या स्थापनेच्या वर्षाआधीची दोन-तीन वर्षे त्या जागी कोण राहत होते, हे अवश्य शोधावे.

कळपाचा हिशेब मांडून पाहावा

दुसरी पायरी वही-पेन्सिलीची आहे. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची, अर्धवट रानटी झालेली लाखो गुरे मोकाट फिरत होती. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेल्या गुरांची ती पिलावळ होती. टेक्सासमध्ये अशा जनावराला तीन-चार डॉलर मिळत आणि उत्तरेकडील शहरांत तेच जनावर चाळीस डॉलरांपर्यंत जाई. चार वर्षांच्या युद्धाने उत्तरेत मांसाची टंचाई झाली होती. अडचण होती ती रेल्वेपर्यंत पोहोचण्याची. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन या लहानशा गावात रेल्वेच्या कडेला गुरांचे कोंडवाडे बांधले आणि पहिल्याच हंगामात सुमारे ३५,००० गुरे तिथून गाडीत चढली. तिथवर जाणारी वाट जेसी चिझम या मिश्र चेरोकी वंशाच्या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता एक कळप कागदावर हाकून पाहावा. २,५०० जनावरे, दहा गुराखी, महिना ३५ डॉलर पगार, वाटेत तीन महिने. पगाराचा खर्च १,०५० डॉलर झाला, म्हणजे एका जनावरामागे ४२ सेंट. त्यात म्होरक्याचा आणि स्वयंपाक्याचा पगार, शिधा आणि वाटेत दगावलेली जनावरे धरली, तरी भावातील फरकापुढे हा खर्च किरकोळ होता. गुरे स्वतःच्या पायांनी चालत होती आणि वाटेतले गवत खात होती. त्या गवतासाठी पैसे मोजावे लागत नव्हते, म्हणूनच हा व्यापार उभा राहिला. अपवाद होता तो इंडियन टेरिटरीचा, म्हणजे मूळ रहिवासी जमातींसाठी राखलेल्या आजच्या ओक्लाहोमातील मुलखाचा; तिथे काही जमाती आपल्या हद्दीतून जाण्याबद्दल दर जनावरामागे काही सेंट वसूल करीत. हा हिशेब एकदा स्वतः करून पाहिला की, एवढी जोखीम लोक का घेत होते हे वेगळे विचारावे लागत नाही.

हिशेबानंतर दिवसाचा क्रम डोळ्यांसमोर आणावा. कळप दिवसाला दहा ते पंधरा मैल, म्हणजे सोळा ते चोवीस किलोमीटर चाले. याहून घाई केली तर जनावरांच्या अंगावरचे मांस झडे आणि बाजारात किंमत पडे. पुढे दोन अनुभवी स्वार, बाजूंना काही आणि सर्वांत मागे नवखी पोरे. मागे राहणाऱ्यांना लंगडी, दमलेली जनावरे हाकावी लागत आणि दिवसभर कळपाची धूळ नाकातोंडात जाई, म्हणून ते तोंडाला रुमाल बांधत. प्रत्येक गुराख्याला आळीपाळीने वापरायला पाच-सहा किंवा त्याहून अधिक घोडे असत आणि ते सांभाळायला एक निराळा मुलगा ठेवलेला असे. सर्वांच्या पुढे स्वयंपाक्याची गाडी निघे. १८६६ मध्ये गुडनाइट यांनी सैन्याची जुनी भक्कम गाडी घेऊन तिच्या पाठीला कप्प्यांची लाकडी पेटी बसवली. पेटीचे झाकण खाली पाडले की ओट्याचे काम देई आणि आत पीठ, घेवडा, कॉफी, सुकवलेली फळे, पट्ट्या, औषधे असे सगळे मावे. रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर स्वयंपाकी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या दिशेला वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आकाश झाकोळलेले असले तरी उत्तर कुठे आहे हे म्होरक्याला कळे. स्वयंपाक्याचा पगार साध्या गुराख्यापेक्षा जास्त असे आणि त्याचा शब्दही चाले.

रात्री दोघे-दोघे स्वार आळीपाळीने कळपाभोवती फेऱ्या मारत आणि हळू आवाजात गात. गाण्याचा हेतू जनावरांना माणसाची चाहूल अखंड राहावी, अचानक आवाजाने ती बुजू नयेत, असा होता. तरीही वीज कडाडली की अडीच हजार जनावरे एका क्षणात उठून उधळत. अशा वेळी स्वार पुढच्या जनावरांच्या बाजूला घोडे घालून त्यांना हळूहळू वळवत आणि कळपाचे टोक त्याच्याच शेपटीला मिळवून गोल फिरायला लावत. अंधारात, बिळांनी पोखरलेल्या जमिनीवर, हे काम करताना घोडा अडखळला तर स्वार वाचत नसे. वाटेवरच्या मृत्यूंची कारणे नोंदींत पाहिली तर फुगलेली नदी, घोड्यावरून पडणे आणि वीज ही पुन्हा पुन्हा आढळतात.

पिस्तुलांविषयी आकडे वाचताना सावध राहावे. १८७० ते १८८५ या काळात कॅन्ससमधील ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी आणि कॉल्डवेल या पाच गुरबाजाराच्या गावांत मिळून ४५ खून झाल्याची मोजणी इतिहासकारांनी केली आहे. पडद्यावर पाहून झालेल्या कल्पनेपेक्षा हा आकडा खूपच लहान आहे. परंतु ती गावेही लहान होती, त्यामुळे लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तोच आकडा मोठा वाटू लागतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लिहिणारा त्यांपैकी कोणती पुढे करतो यावरून त्याचा कल ओळखता येतो.

शब्द कोणाचे, काम कोणाचे

या व्यवसायातील शब्दांची एक लहान यादी करावी आणि प्रत्येक शब्द कुठून आला ते पाहावे. रँच, लासो आणि लारियाट (जनावर पकडण्याचे दोर), रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींचा खेळ), चॅप्स (पायांवरचे चामडी आवरण) हे सारे स्पॅनिशमधून आले आहेत. घोड्यावरून गुरे राखणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘वाकेरो’ म्हणतात. त्याचाच अपभ्रंश होऊन ‘बकारू’ झाला. खोगिराच्या पुढच्या उंच मुठीला दोर बांधून जनावर आवरण्याची पद्धत, तापल्या लोखंडाने मालकाच्या खुणेचा डाग देण्याची पद्धत, वर्षातून दोनदा मोकाट गुरे गोळा करण्याची पद्धत, हे सर्व मेक्सिकन वाकेरोंनी आधीच सिद्ध केले होते आणि इंग्रजी बोलणारे गुराखी त्यांच्याकडून ते शिकले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे या वाटांवरील गुराख्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. बोस आयकार्ड हे जन्माने गुलाम; मुक्तीनंतर त्यांनी गुडनाइट यांच्याबरोबर वर्षानुवर्षे कळप नेले आणि रोख रक्कम सांभाळण्याचे काम गुडनाइट त्यांच्यावर सोपवत. १९२९ मध्ये ते वारले, तेव्हा गुडनाइट यांनी स्वतः त्यांच्या थडग्यावर शिळा बसवली. टेक्सासमधील लिझी जॉन्सन या शिक्षिकेने स्वतःच्या नावावर डाग नोंदवून गुरांचा व्यवहार केला. जुने छायाचित्र किंवा पगारपत्रक हाती आले की त्यातील नावे आणि चेहरे मोजून पाहावेत.

डाग वाचायला शिकावे

मोकळ्या रानात शेकडो मालकांची गुरे एकत्र चरत, त्यामुळे मालकीचा एकमेव पुरावा म्हणजे जनावराच्या कातड्यावरील डाग. तो वाचता आला नाही तर या काळातील निम्मे कागद मुके राहतात, म्हणून यावर एक-दोन दिवस खर्च करावेत. डाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचतात. अक्षर आडवे पडलेले असेल तर त्याच्या नावाआधी ‘लेझी’ लावतात, खाली चंद्रकोरीसारखी कमान असेल तर ‘रॉकिंग’ म्हणतात, दोन्ही बाजूंना पंख असतील तर ‘फ्लाइंग’. आडवी रेघ म्हणजे ‘बार’, छपरासारखी दोन तिरकी पाती म्हणजे ‘राफ्टर’, चौकट म्हणजे ‘बॉक्स’. म्हणजे आडव्या पडलेल्या ‘एस’ खाली एक रेघ दिसली, तर ‘लेझी एस बार’ असे वाचायचे.

डाग देणारी लोखंडी सळई लालबुंद करत नसत. लाल सळईने केस पेट घेतात आणि व्रण पसरट होतो. राखेच्या रंगावर आलेली सळई क्षणभर दाबून उचलली की रेघ स्वच्छ उमटते. वाचनाचा सराव करताना प्रत्येक डागाकडे चोराच्या नजरेनेही पाहावे. कोणत्या अक्षरात एखादी रेघ वाढवली की दुसऱ्याचा डाग तयार होईल? मालकही हाच विचार करून डाग निवडत आणि शिवाय कानाला ठरावीक खाच पाडत. टेक्सासमध्ये डागांची नोंद त्या त्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयात होई आणि अशी डागांची पुस्तके आज अनेक ठिकाणी संगणकावर पाहायला मिळतात.

डाग नसलेल्या वासराला ‘मॅव्हरिक’ म्हणतात. सॅम्युएल मॅव्हरिक या टेक्सासच्या वकिलाने आपल्या गुरांना डाग देण्याकडे लक्ष दिले नाही, त्यावरून हे नाव पडले. शब्दाची ही गोष्ट सगळे सांगतात. त्यामागचे भांडण फारसे कोणी सांगत नाही. वायोमिंगमध्ये १८८४ च्या कायद्याने अशी वासरे मोठ्या मालकांच्या संघटनेच्या ताब्यात गेली आणि लहान गुरेवाल्यांना ती घेणे म्हणजे चोरी ठरली. त्या रागातून आणि संशयातून एप्रिल १८९२ मध्ये मोठ्या मालकांनी भाडोत्री बंदूकधारी घेऊन जॉन्सन काउंटीवर स्वारी केली. या प्रकरणातील ‘चोर’ हा शब्द कोणत्या बाजूच्या वर्तमानपत्रात छापला आहे, हे पाहिल्याशिवाय तो आपल्या वहीत उतरवू नये.

वस्तीकराचा कागद आणि वस्तीकराचे घर

गुरेवाल्यांच्या पाठोपाठ नांगर घेऊन कुटुंबे आली. त्यांचा माग काढण्यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे जमिनीचे सरकारी दप्तर. संघराज्य सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर जमीन दिल्याच्या मूळ सनदांच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात. परंतु आपल्या सातबाऱ्याप्रमाणे त्यांचीही एक भाषा आहे आणि ती आधी शिकावी लागते. सर्व जमीन सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोनांत मोजलेली होती. त्याला टाउनशिप म्हणतात. प्रत्येकात ६४० एकरांचे ३६ भाग. क्रमांक १ ईशान्य कोपऱ्यात असतो, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत जायचे, मग एक ओळ खाली उतरून ७ पासून पुन्हा पूर्वेकडे वळायचे, बैल नांगरताना जसा वळतो तसे. आग्नेय कोपऱ्यात ३६ येतो. एका भागाचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, तोच होमस्टेडचा दावा. कागदावर एकदा स्वतः ही चौकट आखून क्रमांक भरावेत. मग सनदेतील ओळ वाचताना बोट आपोआप योग्य चौकोनावर जाते. येथे एक चूक नवशिक्याकडून हमखास होते. टेक्सासने संघराज्यात येताना आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली होती, त्यामुळे तिथे होमस्टेड कायदा लागू नव्हता आणि टेक्सासची कागदपत्रे या संकेतस्थळावर सापडत नाहीत. त्यासाठी ऑस्टिन येथील राज्याच्या भूमी कार्यालयाकडे वळावे.

सनदेपेक्षा बोलकी असते ती दाव्याची फाइल. पाच वर्षांनी वस्तीकराला दोन शेजारी साक्षीदार घेऊन जावे लागे आणि घर केवढे आहे, विहीर किती खोल आहे, किती एकर नांगरले, मध्ये किती महिने बाहेर होता, हे लिहून द्यावे लागे. या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत विधवा भेटतात, एकट्या राहणाऱ्या शिक्षिका भेटतात, स्वीडन-नॉर्वेहून आलेली कुटुंबे भेटतात, गुलामीतून सुटलेली माणसे भेटतात. खोट्या साक्षीही भेटतात. काही ठिकाणी बारा बाय चौदाचे घर आहे अशी शपथ घेतली जाई आणि ते फूट की इंच हे कोणी विचारत नसे, असे तिथे आजही सांगतात. म्हणून साक्षीत लिहिलेली विहीर शेजाऱ्याच्या फाइलमध्ये दुजोरा मिळवते का, हे पाहण्याची शिस्त ठेवावी.

घर कसे होते हे समजून घ्यायचे असेल तर नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून काढलेली छायाचित्रे पाहावीत. ती नेब्रास्काच्या इतिहास संस्थेने जपली आहेत. या मुलखात झाडे नव्हती, दगडही दुर्मीळ होता. म्हणून खास नांगराने गवताची जमीन पट्ट्यांनी सोलून काढत आणि कुदळीने तिचे दोन-तीन फूट लांब, सुमारे चार इंच जाड भेंडे तोडत. मुळ्यांचे जाळे इतके दाट असे की भेंडा उचलताना फुटत नसे. गवताची बाजू खाली करून ते विटांसारखे रचत. भिंत दोन-तीन फूट जाड होई. अशा घरात उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब राही. पाऊस मात्र बाहेर थांबला तरी आत छतातून चिखलाचे थेंब दिवसभर पडत राहत, म्हणून आढ्याखाली पातळ मांजरपाट ताणून बांधत; तो माती झेली आणि कधी कधी वरून पडणारा सापही. चुलीत लाकडाऐवजी बायसनच्या आणि पुढे गुरांच्या रानशेणी जळत. त्या वेचण्याचे काम बहुधा बायकामुलांकडे असे.

एक छायाचित्र हातात घेऊन किमान पंधरा मिनिटे पाहण्याचा नियम करावा. हिल्टन कुटुंबाचे चित्र घ्या. उघड्या माळावर, गुरांच्या वाड्यापुढे, एक सुबक पायपेटी उभी आहे आणि कुटुंब तिच्याभोवती उभे आहे. घर चित्रात नाही. मातीच्या घरात राहतो हे पूर्वेकडील नातेवाइकांना दिसू नये, म्हणून घरधनिणीने पेटी बाहेर ओढून आणायला लावली होती. प्रथम चित्रात काय आहे ते लिहावे, मग काय असायला हवे होते आणि नाही ते लिहावे. खिडकीला काच आहे का, विहिरीचा रहाट दिसतो का, पवनचक्की आहे का, बायकोच्या पायात जोडे आहेत का. पवनचक्की दिसली तर त्या घराने खोल पाण्यापर्यंत पोहोचण्याचे पैसे जमवले होते, एवढे तरी नक्की.

तार, हिवाळा आणि खातेवही

२४ नोव्हेंबर १८७४ रोजी इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले. लाकूड नसलेल्या मुलखात स्वस्त कुंपण प्रथमच शक्य झाले. वस्तीकराने पिकाला कुंपण घातले, मोठ्या मालकाने ओढ्याला घातले आणि कधी कधी सरकारी जमिनीलाही घातले. तारेचा इतिहास वाचताना पुन्हा नकाशावर यावे आणि कुंपणाच्या आत पाणी कोणाचे गेले ते पाहावे. टेक्सासमध्ये १८८३ च्या दुष्काळात रात्री तारा तोडण्याचे सत्र सुरू झाले, ते याच कारणाने. पुढच्याच वर्षी तार तोडणे गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

याच सुमारास स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील गुंतवणूकदारांनी या कुरणांत मोठा पैसा ओतला. डंडीच्या व्यापाऱ्यांनी १८८२ मध्ये मॅटाडोर ही कंपनी काढली. टेक्सासने आपल्या राजधानीची इमारत बांधून घेण्याच्या बदल्यात तीस लाख एकर जमीन दिली, त्यावर एक्सआयटी हे गोठाण उभे राहिले. या कंपन्यांच्या खातेवह्या वाचताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. गुरे पुष्कळदा प्रत्यक्ष न मोजता वहीवरूनच विकली जात. मागील वर्षाच्या संख्येत जन्मलेली वासरे अंदाजाने मिळवायची आणि थोडी घट वजा करायची, एवढेच. वहीतील गुरे वाढत राहिली आणि कुरणातील गवत संपत गेले.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. नोव्हेंबरपासून माँटाना, वायोमिंग आणि डकोटात बर्फ पडू लागले; जानेवारी १८८७ मध्ये ते थोडे वितळून पुन्हा गोठले आणि गवतावर काचेसारखा कडक थर बसला. गुरांना खूर आपटून तो फोडता येईना. वाऱ्याकडे पाठ करून ती चालत राहिली आणि कुंपणाच्या तारेपाशी येऊन एकमेकांवर कोसळली. माँटानातील एका मालकाने कळपाची स्थिती विचारली, तेव्हा चार्ल्स रसेल या तरुण गुराख्याने पत्राऐवजी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चित्र काढले: हाडांचा सापळा झालेली एक गाय, मान खाली, आणि जवळपास टपलेले लांडगे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचाही डकोटातील अर्ध्याहून अधिक कळप त्या हिवाळ्यात गेला. वसंतात प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा वहीतील संख्या आणि कुरणातील संख्या यांचा मेळ कुठेच बसेना. नुकसानीचे जे टक्के निरनिराळ्या ग्रंथांत दिलेले असतात, ते याच वह्यांवरून काढलेले आहेत. म्हणून कोणताही टक्का उतरवण्याआधी तो कोणत्या मूळ संख्येचा आहे हे तपासावे. त्यानंतर जे टिकले त्यांनी हिवाळ्यासाठी गवत कापून गंजी रचायला सुरुवात केली आणि घोड्यावरच्या गुराख्याच्या हातात विळा-कोयता आणि कुंपणाची पक्कड आली.

गोचीड आणि वशिंड

शेवटी एक धागा असा आहे की जो थेट आपल्याकडे येतो आणि मराठी वाचकाने तो स्वतः पुढे न्यावा अशी माझी इच्छा आहे. टेक्सासची गुरे उत्तरेला पोहोचली की तिथली स्थानिक गुरे तापाने मरत आणि टेक्सासची मात्र धडधाकट राहत. शेतकरी चिडून कळप अडवत, कॅन्ससने बंदीची रेषा आखली आणि ती वर्षागणिक पश्चिमेकडे सरकत गेली. ॲबिलीनचा बाजार उठून डॉज सिटीकडे गेला त्यामागे हेही एक कारण होते. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न या संशोधकांनी दाखवून दिले की हा रोग गोचिडीमार्फत पसरतो.

उष्ण, दमट आणि गोचिडीने भरलेल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर कोणते जनावर तग धरील, या शोधात तेथील मालकांची नजर भारतीय गुरांकडे गेली. काही भारतीय वळू एकोणिसाव्या शतकातच तिकडे पोहोचले होते. १९०६ मध्ये पियर्स घराण्याच्या गोठाणाचे ए. पी. बोर्डेन यांनी थेट भारतातून गुरे नेली. गीर, गुजरातकडील कांकरेज, नेल्लोर आणि आपल्या कृष्णा खोऱ्यातील गुरे यांच्या संकरातून अमेरिकेत ‘ब्राह्मन’ ही जात तयार झाली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली. कृष्णाकाठी, सांगली-मिरजेकडे, ज्यांच्या घरी जुन्या गुरांच्या नोंदी, प्रदर्शनांची प्रमाणपत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती या दृष्टीने चाळून पाहावीत. आणि टेक्सासच्या किनारपट्टीवरचे, तारीख नसलेले एखादे कळपाचे छायाचित्र हाती लागले, तर सर्वांत आधी जनावरांच्या खांद्यांकडे पाहावे: सगळीकडे लांब शिंगे आणि सपाट पाठी असतील तर ते बहुधा जुन्या काळातले आहे, आणि गर्दीत वशिंडे दिसू लागली की चित्र विसाव्या शतकात आणून ठेवायला हरकत नाही.